झडपेला दोनच पाकळ्या

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. नोकरीआधीच्या तपासणीत डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज ऐकू आला. टूडी इकोमध्ये ‘बायकस्पिड एऑर्टिक व्हॉल्व्ह’ असं निघालं. त्याला त्रास काहीच नाही, रोज जिमला जातो. ऑपरेशन लागेल का? शेजारी म्हणतात, दर २१ दिवसांनी पेनिसिलिन घ्यावं लागेल.

उत्तर : हृदयातलं शुद्ध रक्त महारोहिणीत जातं, त्या तोंडाशी ही झडप असते. तिला सहसा तीन पाकळ्या असतात. शंभरातल्या एक-दोघांत दोनच असतात. त्यात पुरुष जास्त. बहुधा गर्भात दोन पाकळ्या एकमेकींना चिकटून राहतात आणि इकोत तिथे शिवणीसारखी रेघ दिसते. मुलाच्या खाण्यापिण्याचा किंवा व्यायामाचा यात काही दोष नाही.

पेनिसिलिनचं इंजेक्शन ऱ्हुमॅटिक तापाने झडप खराब झालेल्यांसाठी असतं. आपल्याकडे तो आजार इतका पाहण्यात आहे, की झडप म्हटलं की लोकांना इंजेक्शनच आठवतं. मुलाला तो ताप कधी आला नसेल, तर त्याची गरज नाही.

झडप नीट उघडत असेल, गळत नसेल, तर आज ऑपरेशनही नको. पण दोन पाकळ्यांवर ताण जास्त पडतो, त्यांवर कॅल्शियम लवकर साचतं. एरवी सत्तरीनंतर दिसणारं झडपेचं आकुंचन अशा लोकांत दहा-वीस वर्षं आधी येऊ शकतं. काहींची झडप तरुणपणीच गळू लागते. म्हणून ‘त्रास नाही’ म्हणून रिपोर्ट कपाटात टाकू नका.

रिपोर्टमध्ये आणखी एक आकडा शोधा : असेंडिंग एऑर्टाची, म्हणजे महारोहिणीच्या वर जाणाऱ्या भागाची रुंदी. या दोषात महारोहिणीची भिंतही कमकुवत असू शकते आणि ती कुठलंही लक्षण न देता फुगत जाते. रुंदी ४० मिलिमीटरच्या पुढे असेल तर तिच्यावर नियमित नजर हवी; ५५च्या आसपास, धोका जास्त असेल तर ५०लाच, शस्त्रक्रियेचा विचार होतो. इकोत तो भाग नीट दिसला नाही, तर सीटी किंवा एमआरआय करतात. पुढची तपासणी कधी, हे हृदयरोगतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या.

चालणं, पळणं, पोहणं सुरू राहू द्या. महारोहिणी रुंदावली असेल, तर श्वास रोखून जड वजनं उचलणं बंद. रक्तदाब तपासत राहा, तंबाखू-सिगारेट नको. दात-हिरड्या स्वच्छ ठेवा. तिथले जंतू रक्तातून झडपेवर बसू शकतात. दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक मात्र केवळ या दोषासाठी सहसा लागत नाही. दाताच्या डॉक्टरांना झडपेबद्दल सांगून ठेवा.

जिन्यावर धाप लागली, व्यायामात छाती भरून आली किंवा भोवळ आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

हा दोष घराण्यात चालू शकतो. अशा रुग्णाचे आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहात एकाला तो सापडतो. तेव्हा मुलाची फाइल घेऊन जाल, त्याच दिवशी तुम्ही दोघं आणि त्याची भावंडं असतील तर तीही, एकेक इको करून घ्या.