अफरवतला निघालेल्या भाच्यास

पुसद,
मार्गशीर्ष महिना

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझे दीर्घ पत्र पोचले. गुलमर्गच्या स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेतील अभ्यासक्रम यथासांग पुरा करून, प्रमाणपत्र पदरात पाडून घेऊन, आता येत्या फेब्रुवारीत दोन मित्रांसह अफरवतच्या माथ्यावरून, गस्तीच्या पथकाने राखलेल्या हद्दीच्या पलीकडे, जिथे अद्याप कुणाची रेघ उमटलेली नाही अशा कोऱ्या बर्फातून स्नोबोर्डवर उभा राहून थेट द्रुंगच्या अरण्यापर्यंत उतरण्याचा जो बेत तू आखला आहेस, त्याला तुझ्या आईची संमती मिळवून देण्याची कामगिरी तू माझ्यावर सोपवली आहेस. उभी हयात महसूल खात्यात काढलेल्या माणसाकडे शिफारस मागितली की तो प्रथम अर्ज तपासतो, मग मौका तपासतो आणि अखेरीस अटी घालतो. हा शिरस्ता मी भाच्यासाठी मोडणार नाही हे ठाऊक असूनही तू मलाच निवडलेस, यावरून अटी ऐकण्याची तुझी तयारी आहे असे मी गृहीत धरतो.

घरात उठलेला पहिला आक्षेप मी तत्काळ निकालात काढतो. वैशाखात पंचेचाळीस अंशांना टेकणाऱ्या, कापूस आणि तूर यांच्यावर जगणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलाचा बर्फाशी संबंध तो काय, असे तुझ्या काकांनी विचारल्याचे तू लिहितोस. हा आक्षेप भूगोलाचा आहे, विवेकाचा नव्हे. १९२७ मध्ये गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन करणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी ज्या बेटावरून आले होते, तिथला सर्वांत उंच डोंगर खुद्द गुलमर्गच्या कुरणाच्या निम्म्या उंचीचाच आहे. आणि १९४८ साली ज्यांच्या पुढाकाराने तिथे लष्कराची स्की शाळा निघाली, जी पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल या नावाने प्रसिद्धीस आली, ते जनरल थिमय्या तर कॉफीच्या मळ्यांच्या कूर्गात जन्मलेले. निरभ्र सकाळी अफरवतवरून नंगा पर्वत दिसतो. तो पाहण्याची आणि त्याच्या साक्षीने उतार उतरण्याची इच्छा पंचविशीतल्या माणसाला होऊ नये, तर कुणाला व्हावी? तेव्हा काकांना माझा नमस्कार सांग आणि तो विषय तिथेच मिटव.

मला जे म्हणावयाचे आहे ते निराळे आहे. तू पत्रात आरिफ खान यांचा दाखला दिलास. टंगमर्गच्या त्या खेळाडूने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव प्रतिनिधी म्हणून उतरून, ऐन हिमवृष्टीत झालेल्या आणि अनेक नामांकितांना पुरी न करता आलेल्या जायंट स्लॅलम शर्यतीत पंचेचाळिसावा क्रमांक मिळवला, ही गोष्ट निःसंशय अभिमानाची आहे. परंतु त्यांची शर्यत आणि तुझा बेत यांत जातीचाच भेद आहे. शर्यतीचा उतार यंत्रांनी दाबून कठीण केलेला असतो, दोन्ही अंगांना जाळ्या असतात, वळणे रोवलेल्या काठ्यांनी ठरवून दिलेली असतात. तिथे माणसाची गाठ स्वतःच्या मर्यादांशी पडते. मोठ्या डोंगरावर मात्र तो उतार तुझ्यासाठी कुणीही तयार केलेला नसतो, आणि संस्थेत तू जी विद्या आत्मसात केलीस ती बोर्डावर उभे राहण्याची, वळण्याची, थांबण्याची होती. खालचा बर्फ ओळखण्याची नव्हे. पहिली विद्या काही आठवड्यांत अंगी बाणते. दुसरीला हिवाळ्यांमागून हिवाळे त्याच डोंगराखाली राहावे लागते, आणि तेवढे वास्तव्य तुझ्या किंवा माझ्या नशिबी नाही.

त्या दुसऱ्या विद्येचा ओनामा तरी समजून घे. मोसमाच्या प्रारंभी पडलेला बर्फाचा पातळ थर तसाच राहिला आणि त्यावर निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्री लागोपाठ आल्या, म्हणजे जमिनीलगतचे तापमान शून्याच्या आसपास आणि पृष्ठभागाचे त्याहून कितीतरी खाली अशी तफावत पडते. तिच्यामुळे तळची वाफ वर चढू लागते आणि त्या थराचे कण परस्परांना धरून राहण्याचे सोडून रवाळ व सुटे होतात. मग त्याच्यावर मोठी हिमवृष्टी झाली, अथवा वाऱ्याने एका अंगाचा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या अंगाला आणून रचला, की वर जड, एकसंध पाटा आणि खाली दुबळा आधार अशी स्थिती उत्पन्न होते, जी मोडण्यास एका माणसाचे वजन पुरेसे होते. भेग कधी त्याच्या पायाखाली न पडता बरीच वर पडते आणि उताराचा अख्खा पट्टा त्याच्यासह खाली येतो. असे हिमलोट बहुतांशी तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि दुर्दैव असे की तुम्हा मंडळींचा खरा आनंदही नेमक्या त्याच उतारांवर असतो. हिमलोटात सापडलेल्या दहांपैकी नऊ जणांच्या बाबतीत तो लोट त्यांनी स्वतः, नाही तर त्यांच्याच सोबत्याने सोडवलेला असतो, हे वाचले तेव्हा मी पुस्तक काही काळ मिटून ठेवले होते.

२०२४ चा जानेवारी आठव. २१ डिसेंबरला सुरू होणारा चिल्लई कलान, म्हणजे काश्मिरातील कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, सरत आला तरी गुलमर्गची कुरणे उघडी पडली होती आणि पर्यटक हिरमुसून परतत होते. पुढे महिन्याच्या अखेरीपासून बर्फ पडू लागला, फेब्रुवारीत तर भरभरून पडला, खोळंबलेले हौशी लोक तिकडे लोटले, आणि २२ फेब्रुवारीस अफरवतच्या उतारांवर हिमलोट येऊन एका रशियन पाहुण्याचा अंत झाला. आदल्या वर्षी १ फेब्रुवारीस त्याच डोंगरावर हापतखुडला दोन पोलिश नागरिक असेच गेले होते. त्यांच्या सोबतच्या पुष्कळ जणांना वाचवता आले, इतकेच समाधान. (भूमध्य समुद्राकडून येणारे जे झंझावात काश्मीरवर हा बर्फ टाकतात, त्यांचेच शेपूट कधी माघ-फाल्गुनात आपल्याकडे पोचून उभा हरभरा गारांनी झोपवते; तेव्हा त्या आकाशाशी आपला संबंध तुझ्या काकांना वाटतो तितका दूरचा नाही.) तू म्हणशील, हे परके, अनभिज्ञ लोक. पण ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला जे सतरा सैनिक हिमलोटाखाली गेले ते त्याच लष्करी शाळेच्या प्रशिक्षणातले होते. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर जो हिमलोट कोसळला, त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेल्या प्रशिक्षिका सविता कंसवाल यांचाही मृत्यू झाला. कौशल्याला तिथे सवलत नाही.

आता माझ्या स्वतःच्या दप्तरातले सांगतो. नोकरीच्या काळात पावसाळ्यामागून पावसाळे मी पुरात वाहून गेलेल्यांचे पंचनामे लिहिले. त्यांत एक गोष्ट इतक्या वेळा आढळे की पुढे पुढे ती लिहिताना लेखणी आपोआप चाले: मयत इसम बहुधा त्याच गावचा, नाल्यावरचा रपटा त्याच्या रोजच्या पायाखालचा, पाण्याचा रंग त्याने पाहिलेला, पलीकडे त्याचे काही निकडीचे काम, आणि त्याच्या डोळ्यांदेखत दुसरा कुणी सुखरूप पार झालेला. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस पुरात वाहून गेली, तेव्हा मी निवृत्त होतो. पण बातमी ऐकताच जुन्या पंचनाम्यांचे ते ठरावीक शब्द मनात उभे राहिले. नाल्याची खोली माणसाला बहुधा ठाऊक असते. त्याला चकवतात ते दोन विचार: एक, माझ्या आधीचा गेला, दुसरा, मला आजच पलीकडे पोचले पाहिजे. तुझ्या डोंगरावरही हेच दोन विचार माणसाला नेतात. हिमलोटाच्या धोक्याच्या पाच पायऱ्या मानल्या आहेत. त्यांतल्या चौथ्या-पाचव्या पायरीला बहुतेक लोक खोलीतच बसून राहतात, आणि सर्वाधिक माणसे दगावतात ती तिसरीवर, जिथे धोका लक्षणीय असतो पण आकाश निळे असते, बर्फ मोहक असतो आणि समोरच्या उतारावर कुणा धाडसी गृहस्थाची ताजी रेघ दिसत असते.

तू मार्को सिफ्रेदीचे नाव मोठ्या भक्तीने लिहिलेस, म्हणून त्याच्याविषयी थोडे. शामोनीच्या त्या मुलाने मे २००१ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तर बाजूने, नॉर्टन कूलुआर नावाच्या घळीतून, स्नोबोर्डवर उतरून दाखवले. त्याला हवी होती ती हॉर्नबाइनची घळ. तीत त्या मोसमात पुरेसा बर्फ नव्हता, म्हणून ती त्याने सोडली होती. पुढच्या वर्षी सप्टेंबरात तो तिच्यासाठी परत गेला, शिखरावर पोचला, उतरू लागला आणि नाहीसा झाला. वय तेवीस. त्याचे शौर्य मी नाकारीत नाही. परंतु पहिल्या वेळी बर्फ कमी म्हणून हवी ती वाट सोडणारा सिफ्रेदी मला दुसऱ्या वेळच्या सिफ्रेदीहून थोर वाटतो, आणि तुझ्या खोलीत चित्र लावायचेच असेल तर त्या पहिल्याचे लाव.

आता अटी. हद्दीबाहेर पाऊल टाकायचे ते केवळ तिथल्या, त्याच डोंगराखाली वाढलेल्या वाटाड्याबरोबर, आणि तो नको म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत न घालता. पैसे आपण दिले आहेत म्हणून हुकूमही आपला चालेल ही शहरी समजूत पुण्यातच ठेवून जा. चंदीगडची संरक्षण खात्याची जी संस्था हिमलोटांचे इशारे प्रसृत करते, तिचा त्या दिवसाचा इशारा वाचल्याशिवाय गंडोल्यात, म्हणजे माथ्याकडे नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यात, बसायचे नाही. गस्तीच्या पथकाने गंडोल्याचा वरचा टप्पा बंद ठेवला असेल तर तो तुमच्यासाठीही बंद. तिघांच्याही अंगावर गाडलेल्याचा ठाव देणारा ट्रान्सीव्हर, पाठीवर बर्फात खुपसून पाहण्याची प्रोबची काठी आणि फावडे असलेच पाहिजे, आणि ही सामग्री भाड्याने घेऊन मिरवण्यासाठी नाही: गाडला गेलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा जगतो, अर्ध्या तासानंतर ती आशा तिसऱ्या हिश्श्यावर येते, आणि तेवढ्या अवधीत कोणतेही सरकारी पथक तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही. म्हणजे तुला वाचवणारे ते दोन मित्रच. ते ट्रान्सीव्हर न गोंधळता वापरू शकतात की नाही, हे पुण्यातल्या एखाद्या मैदानात, एक यंत्र लपवून आणि घड्याळ लावून, निघण्यापूर्वी पुनःपुन्हा पडताळून पाहा. उतरताना एका वेळी एकच जण उतारावर, बाकीचे सुरक्षित कडेला उभे राहून त्याच्यावर नजर ठेवून. पायाखाली धप्प असा आवाज आला किंवा बर्फात भेग धावत गेली, तर तिथून मागे फिरायचे. त्यावर चर्चा नको. आणि तू स्कीवाला नसून बोर्डवाला आहेस हे विसरू नकोस: स्कीचे बंध पडताना सुटतात, तुझ्या बोर्डाचे सुटत नाहीत, त्यामुळे लोटात ते फळकूट तुला खाली ओढीत राहील, आणि खालच्या अरण्यात झाडांच्या बुंध्यांभोवती जे पोकळ खळगे असतात त्यांत डोके खाली, पाय वर असा अडकलास तर स्वतःला सोडवणे दुरापास्त होईल. तेव्हा झाडांतून जाताना सोबती नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. विमा हद्दीबाहेरच्या उतारांना लागू आहे काय, हे त्याच्या बारीक अक्षरांत शोधून मला कळव.

आणि शेवटची अट, जी माझ्या लेखी सर्वांत मोठी. तुझ्या पत्रात मुक्कामाचे दिवस मोजके आहेत, परतीचे विमान ठरलेले आहे, आणि अफरवतचा उतार अखेरच्या दिवसावर ठेवला आहे. मैदानी प्रदेशातून जाणाऱ्या माणसाचे खरे संकट मला यात दिसते. मोठी हिमवृष्टी होऊन गेल्यावर डोंगराला स्थिरावण्यास दिवस-दोन दिवस, कधी त्याहून अधिक, द्यावे लागतात. परंतु ज्याची रजा उद्या संपते त्याला आजचा निळा दिवस सोडवत नाही, आणि मग वाटाड्याच्या चेहऱ्यावरचा संकोचही त्याला संमतीसारखा वाचता येतो. म्हणून बेत उलटा कर. अफरवतचा दिवस मुक्कामाच्या मध्यावर धर, त्याच्यामागे चार दिवस मोकळे ठेव, पहिले दोन दिवस खालच्या कोंगदूरीच्या उतारांवर घालव, म्हणजे जवळजवळ चार हजार मीटरांवर गंडोल्यातून एकदम पोचल्यावर डोके धरून बसण्याची पाळी येणार नाही. एवढे करूनही डोंगराने होकार दिला नाही तर बाबारेशीच्या दर्ग्यापर्यंत पायी फिरून ये, श्रीनगरात नून चहा पी, आणि बोर्ड न उघडता परत ये. त्या परतीबद्दल तुला कुणी हसले तर त्याचे नाव मला कळव.

तुझ्या कचेरीत वाढीव रजेचा अर्ज आजच दे. तो मंजूर झाल्याचे कळले की मी दारव्ह्यास जाऊन ताईशी बोलेन, आणि माझा शब्द ती मोडणार नाही. तोवर परतीचे तिकीट काढू नकोस, काढले असेल तर रद्द कर.

तुझा,
मामा