श्रीखंडाचं खातं

गुढीपाडव्याला आमच्या वाईच्या घरी सगळे जमतात. दिवाळी ज्याच्या त्याच्या घरची, गणपतीत रजेची मारामार; पाडवा त्या मानाने आटोपशीर. बेत ठरलेला असतो, श्रीखंड-पुरी आणि बटाट्याची भाजी. काकूचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हापासून श्रीखंडाचं खातं माझ्याकडे आलं. ते सांभाळताना जे थोडंफार उमगलं, ते असं.

१. सोपा पदार्थ माणसाला उघडं पाडतो. श्रीखंडात असतं काय? दही, साखर, केशर, वेलची नाहीतर जायफळ. ना पाक, ना तळण. म्हणूनच काही झाकताही येत नाही. चैत्राच्या उकाड्यात दही थोडं जास्त वेळ बाहेर राहिलं की चढतं, आणि तो आंबटपणा केशराच्या कितीही काड्यांना बधत नाही. विरजण लावलं की मी रात्री उठून झाकण उचलून बघतो. बायको म्हणते, "मुलं लहान होती तेव्हा कधी इतका उठला नाहीस." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

२. सण आदल्या रात्रीच सुरू होतो, सकाळी फक्त गुढी उभी राहते. पूर्वी चक्का पंचात बांधून खुंटीला टांगलेला असे. आता उन्हाच्या धास्तीने तो फ्रीजमध्ये जातो. खाली पातेलं, पातेल्यावर चाळणी, चाळणीत गाठोडं आणि त्याच्या डोक्यावर वरवंटा. पुण्या-मुंबईहून उशिरा पोचणारी मंडळी हातातली बॅगही खाली न ठेवता आधी फ्रीज उघडतात. "निथळलं का?" हा आमच्याकडे "कसे आहात?" ला पर्याय आहे.

३. साखरेवर एकमत होत नाही, आणि होऊही नये. काकू जुन्या मापाची, जितका चक्का तितकी साखर. धाकट्या भावाच्या मते निम्मी पुरे. त्याचं ऐकावं, तर श्रीखंड गार झाल्यावर गोडी उतरते आणि तोच वाटी पुढे सरकवून "काहीतरी कमी वाटतंय" म्हणतो. बरं, साखर घातली की घट्ट चक्का लगेच सैल पडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा धीरच सुटतो. पण दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवलं की पुन्हा घट्ट येतं. साखरेवरून झालेली आमची भांडणंही साधारण तेवढ्याच वेळात निवळतात. आता मधुमेहवाल्यांसाठी कमी साखरेचं वेगळं काढतो. सगळ्यात आधी तेच भांडं संपतं, आणि ते संपवणारे मधुमेहवाले नसतात.

४. वाचलेलं ज्ञान स्वयंपाकघरात जपून काढावं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. त्यात पाणी काढलेल्या दह्याच्या शिखरिणीचा उल्लेख आहे, म्हणजे आपलं श्रीखंड राजाच्या पानातलं. ही माहिती मी मोठ्या ऐटीत, ओट्याला टेकून सांगितली. काकू पुऱ्यांची कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "राजाकडे घोटायला माणसं होती. इथे तू आहेस. फिरव यंत्र."

५. हात गुंतले की तोंड मोकळं होतं. मिक्सरमधून काढलं तर श्रीखंड पातळ होतं, म्हणून आमच्याकडे अजून पुरणयंत्रच. ते दोघांचं काम. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने यंत्र धरून वरून चमच्याने चक्का दाबायचा. खालून मऊ धारा पडतात, कडेने थोडा चक्का ओघळतो आणि तो बोटाने पुसून घ्यायला पोरं टपलेली असतात. एका पाडव्याला दांडा आमच्या भाऊजींच्या हाती दिला. ताईचे यजमान, अतिशय अबोल. इतक्या वर्षांत "हो", "नको" आणि "निघू या" यापलीकडे मी त्यांच्याकडून फारसं काही ऐकलेलं नाही. दांडा फिरवता फिरवता ते आपणहून बोलू लागले. त्यांचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, आणि पुढे पाडवा आला तेव्हा घरात पगार नव्हता. आईने वाडग्यात दही घेतलं, साखर कालवली आणि प्रत्येकाला चमचा चमचा वाढलं. "चक्का कसा बांधणार? बांधला की निम्म्याहून जास्त पाणी होऊन जातं. तेवढं जाऊ द्यायला आधी तेवढं दही तर हवं," एवढं बोलून त्यांनी पुढचा चक्का घालायची खूण केली. श्रीखंडाला मी साधा पदार्थ समजत होतो. दोन लिटर म्हशीच्या दुधाचा चक्का जेमतेम पाऊण किलोच्या आसपास भरतो, हे मला पाठ होतं. त्या हिशेबाला अशीही एक बाजू असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. पातेल्यातलं निथळलेलं पाणी काकू कणकेत नाहीतर कढीत का घालते, तेही त्या दिवशी नीट कळलं.

६. विकतचं श्रीखंड वाईट नसतं. काकूचं ऑपरेशन झालं त्या वर्षी आम्ही डबे आणले. उत्तम होते. पोरांना तर घरच्यापेक्षाही जास्त आवडले, आणि हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. पण त्या सकाळी स्वयंपाकघरात कुणी फिरकलंच नाही. सगळे जेवणापर्यंत बाहेरच्या खोलीत आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसले, आणि भाऊजी "हो"वर परतले. चवीत काही कमी पडलं नव्हतं. फक्त कुणालाच काही काम नव्हतं.

७. "नको"चे प्रकार ओळखता आले पाहिजेत. पाडव्याला आधी कडुलिंबाची चटणी हातावर पडते. कोवळा पाला, गूळ, ओवा, हिंग, मिरी. तिला म्हटलेलं "नको" अस्सल असतं, तरी मानलं जात नाही. श्रीखंडाला म्हटलेलं "नको" बहुतेक वेळा पहिलं असतं, म्हणजे दुसऱ्याची वाट बघणारं. पण आताशा काही जण खरंच नको म्हणतात. कुणाची शुगर वाढलेली असते, कुणाला रात्री गाडी चालवायची असते. त्यांच्या पानात आग्रहाने वाढणं हे प्रेम आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आता मी डावाने वाढत नाही, भांडं आणि चमचा मधे ठेवतो. आश्चर्य म्हणजे श्रीखंड पूर्वीइतकंच संपतं.

तुमच्याकडे श्रीखंड नसेल, पुरणपोळी असेल, खीर असेल, नुसतं शिकरणही असेल. जे असेल ते एकट्याने करून तयार ठेवू नका. घरात जो सगळ्यात कमी बोलतो, त्याला हाक मारा आणि दांडा त्याच्या हातात द्या.