छतावर एक पक्की कडी हवी

मे महिना उतरणीला लागला की कौले चाळणे, पत्र्याची भोके बुजवणे, कठड्यात उगवलेले पिंपळाचे रोप काढणे ही कामे घरोघर निघतात. त्याच सुमारास छतावरून पडलेले रुग्ण माझ्याकडे येऊ लागतात. अलीकडे त्यांत सौर पॅनेल पुसायला चढलेल्यांची भर पडली आहे. २०२४ साली प्रधानमंत्री सूर्यघर योजना आल्यावर लहान घरांवरही पॅनेल आली. ती पुसायला वर्षानुवर्षे कोण आणि कसे चढणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

"दहा फूट तर होते, डॉक्टर," असे नातेवाईक सांगतात. दहा फुटांवरून पडणारा माणूस सेकंद पुरा व्हायच्या आत खाली येतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. पायांवर आदळला तर टाचेचे हाड चुरते. तोच धक्का वर जाऊन छातीचे मणके संपतात व कमरेचे सुरू होतात तिथे बसतो. टाच मोडलेल्या अशा रुग्णाचा मणकाही आम्ही तपासतो, तो यासाठीच. मज्जारज्जूला इजा झाली तर पायांबरोबर लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो.

यावरचा उपाय जुन्या घरालाही करता येतो. छतावर कायमची लोखंडी कडी बसवायची आणि वर काम करणाऱ्याने स्वतःला तिला बांधून घ्यायचे. "आम्ही दोर बांधतोच की," असे गवंडी म्हणतात. पण कशाला? नळाच्या पाइपला, डिशच्या खांबाला, नाहीतर विटांच्या कठड्याला! पडणाऱ्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. युरोपातील मानकानुसार एका माणसासाठीच्या कडीने १२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १२०० किलोंचा ओढा सोसला पाहिजे. कठडा तर माणसाबरोबर खाली येईल.

स्लॅबचे घर असेल तर आधी सिव्हिल इंजिनिअरला दाखवा. खालचा गिलावा फुगला असेल, सळया गंजल्या असतील, तर त्या जागी कडी बसवण्यात अर्थ नाही. शाबूत जागी आरपार बोल्ट घालून खालून पोलादी प्लेट लावतात, किंवा भोकात रासायनिक मसाला भरून बोल्ट रोवतात. भोकातली धूळ आधी पूर्ण काढावी लागते, नाहीतर मसाला पकड धरत नाही. कडी स्टेनलेस स्टीलची असावी आणि भोवती वॉटरप्रूफिंग करून घ्यावे. पत्र्याच्या घरात कडी पत्र्याला नव्हे, खालच्या भक्कम लोखंडी कैचीला हवी. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र दोर असला तरी थेट पाय देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. सहा फुटी दोर, त्याची झटका शोषणारी पट्टी उलगडणे आणि माणसाची उंची धरली, तर पडणारा थांबायला खाली सतरा-अठरा फूट मोकळी जागा लागते. आपले एकमजली घर दहा-बारा फुटांचे. म्हणजे दोर ताणला जाण्याआधी माणूस जमिनीवर! म्हणून बैठ्या घरात कडी कडेपासून चांगली आत बसवावी आणि दोर इतका आखूड ठेवावा की कडेपर्यंत पोहोचताच येऊ नये. कोपऱ्यात काम असेल तर तिथे वेगळी कडी हवी.

कमरेचा पट्टा वापरू नका. झटक्याने पोटातील अवयव फाटू शकतात. छाती, खांदे व मांड्या धरणारा, आयएस ३५२१ या मानकाचा हार्नेस घ्या. तो घालून लटकलेला माणूस हालचाल न करता राहिला तर पायांत रक्त साचून काही मिनिटांतही बेशुद्ध होऊ शकतो. त्यामुळे खाली दुसरे कोणीतरी हवेच.

सौर पॅनेलवाला ड्रिल घेऊन वर चढणारच असतो. कड्यांचे काम इंजिनिअरच्या सल्ल्याने त्याच वेळी सांगून टाका. भाड्याचे घर असेल तर मालकाशी बोला.

आणि कोणी पडलाच, तर त्याला हातपाय धरून रिक्षात घालू नका, उठवून पाणीही पाजू नका. श्वास चालू आहे ना ते पाहा, डोके व मान हलू न देता आहे तसाच ठेवा आणि १०८ ला फोन करा.