राउटरची दवंडी

पूर्वी गावात एखादी गोष्ट सर्वांना कळवायची असली की दवंडी पिटत. पाण्याची पाळी, जत्रेचा दिवस, पट्टी भरण्याची शेवटची तारीख, सारे काही दवंडीने कळे. आपल्या सीमाभागात कन्नड बोलणारे शेजारी हिलाच ‘डंगुर’ म्हणतात. दवंडीवाला कोणाच्या दारात जाऊन नाव विचारीत नसे की वहीत नोंद करीत नसे. तो चौकात उभा राहून सांगे, आणि ऐकणारा आपले काय ते ठरवी. संगणकांच्या जाळ्यात आज अशीच दवंडी दर काही मिनिटांनी दिली जाते. तिला ‘राउटर ॲडव्हर्टाइझमेंट’ म्हणतात. ही दवंडी ऐकून प्रत्येक संगणक स्वतःचा पत्ता स्वतःच कसा तयार करतो, आणि ती नीट कशी लावावी, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. हा विषय माझ्या अभ्यासक्रमातला नव्हे. परंतु आज बँक, पतसंस्था, अडत दुकान, सर्वांचे हिशेब या जाळ्यावरून चालतात. जाळे थांबले की रोजकीर्दही थांबते. शिवाय या विषयावरची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत आणि माझे सारे शालेय शिक्षण मराठीतून झाले आहे. जे समजून घ्यायला मला दोनदा वाचावे लागले, ते माझ्यासारख्या इतरांना एकदाच वाचून समजावे, एवढाच हेतू.

नवे पत्ते कशासाठी?

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे आय.पी. आवृत्ती ४ मध्ये, पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यातून एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते निघतात. एवढे पत्ते जगाला पुरले नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे पाच गठ्ठेही विभागीय संस्थांना वाटून झाले. आवृत्ती ६ चा आराखडा मात्र १९९५ सालीच प्रसिद्ध झाला होता. तिचा पत्ता १२८ बिटांचा आहे. सध्या दोन्ही पद्धती एकाच तारेवर शेजारी शेजारी नांदतात, आणि ज्या यंत्राला दोन्ही येतात ते ज्याला जी समजेल त्याच्याशी ती बोलते. बेळगावच्या बाजारात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आवृत्ती ६ च्या पत्त्याचे सर्वसाधारणपणे दोन सारखे भाग पडतात. पहिले ६४ बिट म्हणजे गल्लीचे नाव. याला प्रिफिक्स म्हणतात. उरलेले ६४ बिट म्हणजे घराचा क्रमांक. दवंडीतून फक्त गल्लीचे नाव कळते. घराचा क्रमांक ज्याचा त्याने ठरवायचा असतो.

पत्ता कसा तयार होतो?

संगणक सुरू झाला की तो प्रथम ‘एफई८०’ ने आरंभ होणारा एक पत्ता स्वतःला घेतो. हा पत्ता गल्लीपुरताच. बाहेर त्याला किंमत नाही. तो वापरण्यापूर्वी संगणक शेजाऱ्यांना विचारतो, ‘हा पत्ता कोणी घेतला आहे काय?’ साधारण एक सेकंद उत्तर आले नाही, तर पत्ता त्याचा झाला.

मग तो राउटरला साद घालतो. या सादेला ‘राउटर सॉलिसिटेशन’ म्हणतात. चार चार सेकंदांच्या अंतराने ती जास्तीत जास्त तीन वेळा दिली जाते. उत्तरादाखल राउटर दवंडी देतो. कोणी साद घातली नाही तरी राउटर अधूनमधून दवंडी देतच असतो. नेहमीच्या मांडणीत दोन दवंड्यांमधले अंतर १० मिनिटांपेक्षा जास्त नसते.

दवंडीतील गल्लीच्या नावापुढे संगणक आपला क्रमांक जोडतो. आरंभीच्या पद्धतीत हा क्रमांक यंत्राच्या ४८ बिटांच्या मूळ कारखानी क्रमांकावरून बनवीत. त्या क्रमांकाचे दोन तुकडे करून मध्ये ‘एफएफएफई’ घालायचे आणि सातवा बिट उलटा करायचा. पण कारखानी क्रमांक कायमचा असल्यामुळे माणूस कोठेही गेला तरी त्याचे यंत्र ओळखू येई. म्हणून २००१ साली काही काळापुरते, आपोआप बदलणारे क्रमांक घेण्याची पद्धत मांडण्यात आली. क्रमांक कसाही बनवला तरी, तो आधी कोणी घेतला नाही ना, ही चौकशी पुन्हा होतेच.

दोन मुदती

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचा वाटावा असा भाग म्हणजे मुदती. दवंडीत प्रत्येक प्रिफिक्सबरोबर दोन मुदती असतात: पसंतीची मुदत आणि वैधतेची मुदत. मानकाप्रमाणे नेहमीचे आकडे पहिलीसाठी ६,०४,८०० सेकंद म्हणजे ७ दिवस, आणि दुसरीसाठी २५,९२,००० सेकंद म्हणजे ३० दिवस. प्रत्येक नव्या दवंडीने मुदत पुन्हा भरून निघते.

पसंतीची मुदत संपली की त्या पत्त्यावरून संगणक शक्यतो नवा व्यवहार सुरू करीत नाही. चालू असलेले व्यवहार मात्र पुरे होऊ देतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यात संस्था विसर्जित झाल्यावरही अपुरे व्यवहार पुरे करण्यापुरता भागीदारांचा अधिकार शिल्लक राहतो, तसेच हे. वैधतेची मुदत संपली की पत्ता गेला. अर्थातच पहिली मुदत दुसरीपेक्षा मोठी असू शकत नाही.

तिसरी एक मुदत राउटरची स्वतःची असते, नेहमी १८०० सेकंदांची. ती शून्य ठेवली तर राउटर सांगतो, ‘गल्लीचे नाव ऐका, पण बाहेर जायचा रस्ता माझ्याकडून नाही.’

प्रत्यक्ष मांडणी

लिनक्स संगणकाला राउटर करायचे झाल्यास ‘रेडव्हीडी’ नावाचा कार्यक्रम वापरतात. क्रम असा:

१. इंटरनेट पुरवणाऱ्याकडून प्रिफिक्स घ्यावा. त्याने ५६ बिटांचा दिला तर त्यातून ६४ बिटांच्या २५६ गल्ल्या पडतात, ४८ बिटांचा दिला तर ६५,५३६. प्रत्येक जाळ्याला पुरे ६४ बिटच द्यावेत. एरवी आपोआप पत्ता घेण्याची ही रीत चालत नाही. सरावासाठी ‘२००१:डीबी८’ ने सुरू होणारे पत्ते वापरावेत. ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत.

२. राउटरच्या आतल्या बाजूला त्याच प्रिफिक्समधील एक पत्ता हाताने द्यावा.

३. एका बाजूचा माल दुसऱ्या बाजूला पोचवण्याची, म्हणजे फॉरवर्डिंगची, परवानगी चालू करावी. ती दिल्यावर लिनक्स स्वतः दुसऱ्यांच्या दवंड्या ऐकणे बंद करतो. बाहेरच्या बाजूला पुरवठादाराची दवंडी ऐकायची असल्यास त्या बाजूचे ‘ॲक्सेप्ट-आरए’ २ ठेवावे.

४. रेडव्हीडीच्या फाइलमध्ये आतल्या बाजूचे नाव लिहून दवंडी देण्याची सूचना ‘ऑन’ करावी. ती मुळात बंद असते. त्याखाली प्रिफिक्स, दोन्ही मुदती, आणि नावांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता लिहावा.

५. कार्यक्रम सुरू करून दुसऱ्या संगणकावर पत्ता आला का ते पाहावे. ‘रेडव्हीडम्प’ ही आज्ञा दिली तर तारेवर आलेली दवंडी जशीच्या तशी वाचता येते.

नोंदवही हवी की नको?

दवंडीत ‘एम’ आणि ‘ओ’ अशी दोन निशाणे असतात. दोन्ही खाली असली तर सर्व काही दवंडीवरच चालते. ‘ओ’ वर असले तर पत्ता स्वतःचा, पण इतर माहिती डीएचसीपी सर्व्हरकडून. ‘एम’ वर असले तर पत्ताही तोच सर्व्हर देतो आणि नोंद ठेवतो. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नुसते ‘एम’ वर केल्याने संगणक स्वतः पत्ता घ्यायचे थांबत नाही. त्यासाठी प्रिफिक्सचे ‘ए’ निशाणही खाली करावे लागते. दुसरे असे की, आवृत्ती ६ चा डीएचसीपी सर्व्हर बाहेरचा रस्ता सांगत नाही. तो दवंडीतूनच कळतो. म्हणून वही ठेवली तरी दवंडी बंद करता येत नाही.

हिशेबतपासणीच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने कंपन्यांना व सरकारी कार्यालयांना संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले. दवंडीच्या पद्धतीत कोणता पत्ता कोणी घेतला याची वही आपोआप होत नाही. उलट, प्रत्येकाची हालचाल वहीत चढावी हेही योग्य नव्हे. माझ्या मते पैशाचे व्यवहार होणाऱ्या टेबलांची गल्ली निराळी करून तेथे वही ठेवावी. पाहुण्यांच्या व विद्यार्थ्यांच्या गल्लीत दवंडी पुरे.

खोटी दवंडी

दवंडी कोणीही देऊ शकतो, हा या पद्धतीतला खरा धोका. गल्लीबाहेरून आलेली दवंडी संगणक मानीत नाहीत. तिच्यावरचा टप्प्यांचा आकडा २५५ च असावा लागतो, आणि एक राउटर ओलांडला की तो कमी होतो. पण गल्लीतल्याच कोणी दिली तर? गेल्या दिवाळीपूर्वी एका पतसंस्थेत कोणीतरी जुना राउटर आतल्या तारेला जोडला. त्याच्या दवंडीवर विश्वास ठेवून टेबलांवरचे संगणक बाहेरचा रस्ता त्याच्याकडे शोधू लागले. ठेवीचे व्याज न्यायला आलेली वयस्क मंडळी दोन तास बाकांवर बसून राहिली. त्यांत माझी आजीही होती. ‘आम्ही आवृत्ती ६ वापरतच नाही,’ असे तेथील व्यवस्थापक सांगत होते. पण आजच्या विंडोज व लिनक्सच्या संगणकांत ती मुळातच चालू असते. कोणी बोलत नसले तरी कान उघडेच असतात.

यावर उपाय आहे. ‘आरए गार्ड’ या नावाने तो २०११ साली प्रसिद्ध झाला. स्विचच्या ज्या एका भोकात खरा राउटर आहे तेथूनच दवंडी आत घ्यायची, बाकीच्या भोकांतून आलेली तेथेच अडवायची. अनेक स्विचांत ही सोय असते. ती चालू करावी लागते, इतकेच. म्हणून ज्यांच्या घरी दुकान, सोसायटी किंवा कार्यालय आहे त्यांनी आपल्या यंत्रदुरुस्तीवाल्याला दोनच प्रश्न विचारावेत: आपल्या तारेवर दवंडी कोण देतो? आणि दुसऱ्या कोणी दिली तर ती अडते का?

कन्नड विभागातील माझ्या मैत्रिणींना विनंती आहे, की त्यांनी हाच विषय त्यांच्या पानांत मांडावा. टेबलापलीकडे बसणाऱ्यांत दोन्ही भाषांची माणसे आहेत, आणि व्याज दोघांचेही अडते.