जुन्या चेहऱ्याचा नवा कॅमेरा : वर्ध्यात घ्यायचा तर एकूण किती पडेल?

वर शटर, आयएसओ आणि एक्स्पोजरच्या डायल, चौकोनी काळी बॉडी, पुढे जवळजवळ सपाट पकड. निकॉन झेडएफ पाहिला की १९८२ चा एफएम२ आठवतो, आणि तो आठवावा म्हणूनच हा तसा घडवला आहे. आत मात्र २४.५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तो आला तेव्हा भारतात नुसत्या बॉडीची किंमत १,७६,९९५ रुपये होती. वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या फोटोग्राफरने एवढे पैसे घालावेत का, हे ठरवायला पूर्ण बिल मांडून पाहू. इथल्या बॉडीच्या किमती बाजारात आल्या तेव्हाच्या आहेत. सणासुदीला ऑफर लागतात, म्हणून घेताना ताजा दर विचारा.

रूपाचे किती पैसे?

निकॉनचाच झेड५ टू एप्रिल २०२५ मध्ये १,४९,९९५ रुपयांना आला. मेगापिक्सेल तेवढेच, प्रोसेसरही तोच एक्स्पीड ७. पकड खोल आणि दोन्ही कार्डे नेहमीच्या एसडी आकाराची. म्हणजे झेडएफच्या डायल आणि रूपासाठी २७ हजार जास्त मोजायचे. छापलेल्या अल्बममध्ये या दोघांतला फरक ग्राहकाला दिसणार नाही. डायल फिरवून काम करण्यात तुम्हाला आनंद असेल तर तो खर्च रास्त आहे, पण तो हौसेच्या खात्यात लिहा, धंद्याच्या नको.

झेडएफचे पूर्ण बिल (बॉडी सोडून बाकी आकडे अंदाजे)

• बॉडी : १,७६,९९५
• ४० मिमी एफ/२ लेन्स : २५,०००
• जादा बॅटरी : ६,०००
• एक वेगवान एसडी आणि एक मायक्रोएसडी कार्ड : १०,०००
• खालून लावायची धातूची ग्रिप : ५,०००
• बॅग, फिल्टर, सिलिका जेल : ५,०००

बेरीज सुमारे २ लाख २८ हजार. लग्नासाठी २४-१२० मिमीसारखी झूम घेतली तर आणखी लाखभर धरा.

यातली बॉडीनंतरची एकही ओळ चैनीची नाही. कंपनीच्या चाचणीत एका चार्जिंगवर सुमारे ३६० फोटो निघतात. प्रत्यक्षात जास्तही निघतील, पण हळदीपासून पाठवणीपर्यंत एका बॅटरीवर निभत नाही. बॉडीचे वजन ७१० ग्रॅम आहे, त्यामुळे जड लेन्स लावली की ग्रिपशिवाय बोटे अवघडतात. दुसरे कार्ड मायक्रोएसडी लागते आणि दोन्ही कार्डे बॅटरीच्या झाकणाखाली बसतात. ट्रायपॉडची प्लेट झाकणाच्या आड येत असेल, तर दर वेळी ती काढावी लागेल.

जुन्या लेन्स चालतील का?

निकॉनच्या डीएसएलआरच्या लेन्स घरात असतील तर एफटीझेड अडॅप्टर घेऊन त्या लावता येतात. एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो. पण स्टुडिओत हमखास सापडणारी ५० मिमी १.८डी लावाल तर फोकस हाताने करावा लागेल, कारण त्या लेन्समध्ये मोटर नाही आणि अडॅप्टरमध्येही नाही. आपल्याकडच्या लेन्सची यादी दुकानात घेऊन जा.

पैसे लेन्सवर घालावेत, याला आपल्याच जिल्ह्यातला दाखला आहे. गांधीजींचे चुलत पुतणे नारणदास यांचे चिरंजीव कनू गांधी यांनी १९३८ पासून दहा वर्षे बापूंचे फोटो काढले. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलीफ्लेक्स आला. बापूंच्या अटी तीन : फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही, आश्रम खर्च देणार नाही. फ्लॅशशिवाय काम करायचे तर उजेड आत घेणारी लेन्स हवी. एफ/४ च्या झूमपेक्षा एफ/२ ची लेन्स चौपट उजेड घेते. मंगल कार्यालयाच्या पिवळट दिव्यांखाली त्याचा जो उपयोग होतो, तो कोणत्याच डायलचा होत नाही.

काम पाहून निवडा

लग्न, बारसे, साखरपुडा : दोन कार्डे असलेलाच कॅमेरा घ्या, म्हणजे एक कार्ड बिघडले तरी फोटो हातात राहतात. झेडएफ चालेल, झेड५ टू जास्त सोयीचा. फुजीफिल्मचा एक्स-टी५ (१,६९,९९९ रुपये) ४० मेगापिक्सेलचा आहे, वजन ५५७ ग्रॅम, दोन एसडी कार्डे, आणि बहुतेक लेन्सना अ‍ॅपर्चरची रिंग. पण फुजीकडे वळलात की निकॉन-कॅननच्या जुन्या लेन्स बाजूला पडतात आणि सगळा संच नव्याने उभा करावा लागतो.

बोरचे जंगल : जुन्या रूपाचा मोह इथे टाळा. वाघ-पक्ष्यांसाठी १८०-६०० मिमीची लेन्स लागते. तिचे वजन सुमारे दोन किलो आणि किंमत दीड लाखाच्या वर. सपाट पकडीच्या बॉडीवर ती जिप्सीतून तासन्‌तास सांभाळणे कठीण जाते.

घरचे, प्रवासाचे, रस्त्यावरचे फोटो : फुजीचा एक्स१००व्हीआय (१,५९,९९९ रुपये) २३ मिमी एफ/२ लेन्ससकट येतो. ती बदलता येत नाही, म्हणजे पुढचा लेन्सखर्चही नाही. शिकणाऱ्यासाठी निकॉन झेडएफसी लाखाच्या आत आला होता. ४४५ ग्रॅमचा हा कॅमेरा छान आहे, पण कार्ड एकच आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, म्हणून ऑर्डरच्या कामाला तो घेऊ नका.

जिनिंगच्या आवारात उडणारी कापसाची बारीक तूस, उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यांचाही विचार करा. झेडएफ आणि एक्स-टी५ यांना धूळ-पाण्यापासून संरक्षण आहे, झेडएफसीला तसे नाही. काळी धातूची बॉडी मे महिन्यात उन्हात ठेवू नका. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते.

बिल पक्केच घ्या

कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. १,७६,९९५ मध्ये सुमारे २७ हजार करच असतो. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक घाला. ही रक्कम तुमच्या देय करातून वजा होऊ शकते. मात्र त्याच रकमेवर घसारा धरता येत नाही. नोंदणी नसेल तर हा करही तुमच्याच खर्चात धरा.

बिनबिलाचा, बाहेरून आलेला माल दहा-वीस हजारांनी स्वस्त मिळतो, पण त्यावर भारतातली वॉरंटी मिळेलच असे नाही. वॉरंटी कार्ड, बिल आणि बॉडीवरचा क्रमांक दुकानातच जुळवा. दुरुस्तीला कॅमेरा कुठे पाठवायचा आणि येण्या-जाण्याचा खर्च कोणाचा, हेही आधी विचारा.

फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या कायद्यामुळे दुकान नागपुरात असले तरी तक्रार वर्ध्यात दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेल्या कॅमेऱ्यालाही हे संरक्षण आहे.

पैसे देण्यापूर्वी

एक लग्न भाड्याच्या झेडएफवर करून पाहा, तेही स्वतःच्या लेन्स लावून. बजेट सव्वादोन लाखांच्या खाली असेल आणि कॅमेऱ्यावर घर चालत असेल, तर झेड५ टू घ्या आणि उरलेले २७ हजार चांगल्या लेन्सवर घाला. लेन्स आधीच हाताशी असतील, काम सुरळीत चालू असेल आणि डायल फिरवायला मन ओढत असेल, तर झेडएफ खुशाल घ्या.