‘ऑफ’ जातो कुठे?

पुणे, रविवार

चि. सई,


इंग्रजी गोष्टीच्या तुझ्या फ्रेंच भाषांतराची बारा पानं वाचली. फ्रेंच नीटनेटकं आहे, लिंगवचनाच्या चुका बोटांवर मोजण्याइतक्या. पण इंग्रजीत जिथे जिथे ‘ऑफ’ आलाय तिथे तू अडखळलीस, आणि कोशातला पहिला अर्थ उचलून पुढे गेलीस. पहाटे गजर ‘गो ऑफ’ झाला, तर तू तो बंद पाडलास. अगं, तो वाजला होता! म्हणून तर पुढच्याच ओळीत सगळं घर जागं झालं.

इंग्रजीत दिवा ‘गो ऑफ’ झाला की विझतो, गजर वाजतो, बॉम्ब फुटतो आणि दूध नासतं. फ्रेंचमध्ये या चौघांची चार वेगळी क्रियापदं. दिव्याला ‘सेतँद्र’, गजराला ‘सोने’, बॉम्बला ‘एक्स्प्लोझे’. दुधाला ‘तूर्ने’, म्हणजे ते वळतं. आता मागे जाऊन बघ, मराठी लिहिताना माझीही चारच झाली. तेव्हा ‘ऑफ’ दिसला की फ्रेंच कोश उघडण्याआधी ते वाक्य आजीला सांगायचंय असं समजून मनातल्या मनात मराठीत म्हण. मात्र ‘आज मला ऑफ आहे’, ‘मूड ऑफ झाला’ हे आपलं रोजचं मराठी तिथे चालायचं नाही. आजीला कळेल असं म्हण.

मराठीवर सगळा भार टाकू नकोस मात्र. वीसेक वर्षांपूर्वी मी पंपांच्या माहितीपुस्तिकेचं काम करत होते. पंप सेनेगलला जायचे होते. ‘स्विच ऑफ द पंप’ आलं. मनात ‘पंप बंद करा’, हातून उतरलं ‘फेर्मे’. आपल्याकडे दारही बंद होतं, नळही, दिवाही, मोटारही. फ्रेंचमध्ये दार आणि नळ ‘फेर्मे’, दिवा ‘एतँद्र’, वीज ‘कूपे’, आणि चालतं यंत्र थांबवायचं ते ‘आरेते’. डाकारला तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहून पाठवलं : या पंपाला दार कुठे आहे? (क्वेबेकमध्ये लोक दिवासुद्धा ‘फेर्मे’ करतात, पण हे मला फार नंतर कळलं, आणि डाकारला ते सांगून उपयोगही नव्हता.)

आता तुझं सातवं पान. मुलगी फळीवरून पुस्तक काढते. तू फ्रेंच ‘द’ वापरलंस. का, ते समजतं. इंग्रजीतले ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार, आणि ‘ऑव्ह’ म्हटलं की शाळेपासून ‘द’ पाठ. पण फ्रेंच माणूस पुस्तक फळी‘वर’ घेतो, ‘प्राँद्र स्यूर’. आपला ‘वरून’ मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात ‘वर’ही आहे आणि ‘ऊन’ही, वस्तू आधी कुठे होती ते कळतं आणि ती तिथून निघाली तेही. फ्रेंचला दोन्ही एका शब्दात मावत नाहीत. घेण्यात हात जिथे पोहोचला ती जागा सांगतात, म्हणून ‘स्यूर’. पडण्या-उतरण्यात निघण्याची जागा सांगतात, म्हणून शिडीवरून पडला ‘तोंबे द’, बसमधून उतरला ‘देसाँद्र द’. पाणीसुद्धा ते पेल्यातून पीत नाहीत, पेल्या‘त’ पितात. हसू नकोस. आपण ताटात जेवतो आणि केळीच्या पानावर जेवतो, ताटातून किंवा पानावरून नाही. तेही ताटलीतच जेवतात, ‘दाँ’ लावून. इंग्रजच तेवढे ‘ऑफ अ प्लेट’ जेवतात.

काही वेळा ‘ऑफ’ फ्रेंच क्रियापदाच्या पुढ्यात जाऊन बसतो, ‘दे’ होऊन. विमान उडतं ते ‘देकोले’. ‘कोल’ म्हणजे डिंक. डिंक सुटावा तसं विमान जमिनीपासून सुटतं. बटण तुटून पडतं तेव्हा शिवण उसवल्याचं क्रियापद येतं, त्यातही ‘दे’. फोनचा रिसीव्हर उचलायचा तर ‘देक्रोशे’. क्रोशे म्हणजे आकडा. आजीची क्रोशाची सुई आठवते ना, तोच शब्द. दहाव्या पानावर तुला ‘ऑफ’ गायब झाल्यासारखा वाटला, म्हणून तू शेवटी एक ‘ल्वँ’, म्हणजे ‘दूर’, जोडलास. तो ‘दे’मध्ये आधीच होता. ‘ल्वँ’ काढून टाक.

बाराव्या पानावरचा म्हातारा ‘लिम्प्ड ऑफ’ झाला. तू ‘लंगडला’ एवढंच लिहिलंस. म्हातारा गेलाच नाही, बिचारा तिथेच लंगडत राहिला. विने आणि दार्बेलने यांनी १९५८ साली इंग्रजी-फ्रेंच शैलींची तुलना करणारं पुस्तक लिहिलं. त्यात अशा जागी दोन भाषांत होणाऱ्या अदलाबदलीला त्यांनी नाव दिलं ‘शासे-क्रवाझे’. मूळ नाचातला शब्द, जोडीदार एकमेकांच्या जागा घेतात तो. इंग्रजीत लंगडणं क्रियापदात आणि जाणं ‘ऑफ’मध्ये, फ्रेंचमध्ये जाणं क्रियापदात आणि लंगडणं मागून, ‘सेल्वान्ये आँ ब्वाताँ’. आपलंही तसंच आहे की : लंगडत लंगडत निघून गेला. इथे इंग्रजी वाचलं नसतंस तर चुकली नसतीस.

आणि हो, फ्रेंच लोक ‘ऑफ’ हा शब्दही वापरतात, पण क्रियापदाला चिकटवत नाहीत. पडद्याबाहेरून ऐकू येणारा आवाज ‘व्ह्वा ऑफ’. आव्हिन्योंचा नाट्यमहोत्सव ज्याँ व्हिलारनी १९४७ साली सुरू केला. १९६६ पासून त्याच्या अंगणाबाहेर जी नाटकं होऊ लागली त्यांना आज सगळे ‘ल ऑफ’ म्हणतात. तुझ्या पानांत अशी जागा एकही नाही, तेव्हा हे नुसतं ठाऊक असू दे.

पानं सोबत परत पाठवते आहे. लाल खुणा केल्यात, उत्तरं लिहिलेली नाहीत. अकराव्या पानावरचं ‘ही लाफ्ड इट ऑफ’ मात्र माझ्याही हाती दोन दिवस लागलं नाही. मराठीत लगेच सुचलं, ‘त्याने ते हसण्यावारी नेलं’. फ्रेंचमध्ये एखादी गोष्ट थट्टेवर नेतात त्याला ‘तूर्ने आँ प्लेझाँतरी’ म्हणतात, पुन्हा तेच दुधाचं ‘तूर्ने’. पण तुझ्या गोष्टीतला नायक थट्टा करत नाही, नुसता हसून विषय संपवतो. तिथे ते जड होईल असं मला वाटतं. तुला काय सुचतंय ते बुधवारपर्यंत कळव.

तुझी,
मावशी