मधुमेह, त्याची गुंतागुंत आणि आपली मोजदाद

काही वर्षांपूर्वी पालकसभेच्या दिवशी एक गृहस्थ एकाच पायात चप्पल घालून सभागृहात आले. मुले हसली. गृहस्थांनी खाली पाहिले, तेव्हा कुठे दुसरी चप्पल वाटेत निसटल्याचे त्यांच्या ध्यानी आले. विसरभोळेपणा समजून आम्ही मुलांना दटावले आणि सभा सुरू केली. पुढच्या वर्षी ते कुबड्या घेऊन आले. तळव्यात खिळा घुसला होता आणि दोन दिवस त्यांना त्याची जाणीवच झाली नव्हती. पायातली चप्पल निसटल्याचे न कळणे हे मधुमेहाने मज्जातंतू बधिर झाल्याचे लक्षण असू शकते, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते.

आमचा विषय इतिहास. वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु कोणताही आकडा समोर आला की तो कोणी, केव्हा आणि कोणाला मोजून काढला हे आधी विचारावे, ही इतिहासाने लावलेली सवय येथेही उपयोगी पडते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने २००८ ते २०२० या काळात घरोघर जाऊन २० वर्षांवरील १,१३,०४३ व्यक्तींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. म्हणजे २०२१ च्या अंदाजाने सुमारे १० कोटी १० लाख माणसे. आपल्या शेजारच्या गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक, निघाले.

पण यांपैकी किती जणांचे डोळे, मूत्रपिंडे किंवा पाय बाधित झाले आहेत? रुग्णालयात बसून मोजले तर उत्तर फुगते, कारण तेथे त्रास वाढलेलीच माणसे अधिक येतात. म्हणून घरोघरची मोजणी महत्त्वाची. चेन्नई शहरात या शतकाच्या आरंभी अशी पाहणी सुरू झाली. तीत मधुमेहींपैकी १७.६ टक्क्यांच्या दृष्टिपटलावर (डोळ्याच्या पडद्यावर) विकार आढळला, २६.१ टक्क्यांचे मज्जातंतू बाधित होते आणि २६.९ टक्क्यांच्या लघवीतून प्रथिन अल्प प्रमाणात जात होते. मूत्रपिंडाचा उघड विकार मात्र २.२ टक्क्यांतच होता. हे एका शहराचे आकडे आहेत; ते सरसकट देशाला लावता येणार नाहीत. तरी त्यातील एका नोंदीपाशी आम्ही फार वेळ थांबलो. ज्यांना आपला मधुमेह त्या पाहणीतच प्रथम कळला, त्यांच्यातही ५.१ टक्के लोकांचे दृष्टिपटल आधीच बाधित झालेले होते. घरच्या माणसांना कळण्यापूर्वीच रोग घरात राहायला आलेला होता.

डोळ्यांपुरत्या राष्ट्रीय पाहण्याही झाल्या आहेत. २०१५ ते २०१९ च्या पाहणीत ५० वर्षांवरील मधुमेहींत दृष्टिपटलाचा विकार १६.९ टक्के आढळला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत ४० वर्षांवरील मधुमेहींत तो १२.५ टक्के, म्हणजे आठांत एक, निघाला. यांतला खरा आकडा कोणता, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. दोन्ही खरे. वयोगट वेगळा, मोजण्याची रीत वेगळी. याच कारणाने १२.५ टक्क्यांना १० कोटींनी गुणू नये. त्या कोट्यवधींत चाळिशीच्या आतलेही आहेत. दुसऱ्या पाहणीनुसार २५ मधुमेहींपैकी एकाची दृष्टीच धोक्यात होती. ४० वर्षांवरील अशा लोकांची देशातील संख्या सुमारे ३० लाख होते.

ही हानी प्रारंभी दुखत नाही. दृष्टिपटल बिघडू लागले तरी वर्तमानपत्र वाचता येते. लघवीतून प्रथिन जाऊ लागले तरी पायांवर सूज नसते. बधिर पायाची तर तक्रारच नसते. 'मला काही त्रास नाही' हे आपल्या वस्तीत वारंवार ऐकू येणारे वाक्य म्हणूनच आम्हांस धास्ती घालते.

बाबासाहेबांना मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदना आणि मंदावलेली दृष्टी यांनी त्यांना गांजले होते, तरी लेखन थांबले नव्हते. व्यासपीठावरून ही हकीकत आम्ही त्यांच्या निर्धाराचा दाखला म्हणून कितीदा तरी सांगितली. ती एका रोगाचीही हकीकत आहे, हे मात्र कधी सांगितले नाही. दृष्टिपटलावर आज लेसरने उपचार होतात. पहिला लेसर १९६० साली तयार झाला.

आम्हांस स्वतःला मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली. साखर दर तीन महिन्यांनी तपासत होतो. डोळ्याचा पडदा प्रथम तपासला तो सातव्या वर्षी, तोही मुलीने हट्ट धरला म्हणून. डाव्या डोळ्यात सुरुवात झालेली निघाली. वर्षातून एकदा तीन गोष्टी करून घ्याव्यात असे डॉक्टरांनी तेव्हा सांगितले: थेंब घालून पडद्याची तपासणी, लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी आणि नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून संवेदनेची परीक्षा. तिसरीला तर दोन मिनिटेही लागत नाहीत. थेंबांमुळे मात्र काही तास जवळचे धूसर दिसते. त्या दुपारी आम्ही उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलो होतो, तो तसाच परत बांधून ठेवावा लागला.